नोकरी लागली, मन केव्हा लागेल?

१. प्रश्न आला कोठून?

“नोकरी लागून दीड वर्ष झाले, पगार महिन्याच्या महिन्याला होतो, वरिष्ठ मंडळीही वाईट नाहीत, तरीही कामात मन लागत नाही. दोष माझ्यात आहे की नोकरीत?” पंचविशीच्या आसपासचे कोणी मिळवते झाले आहे अशा घरांतून हा प्रश्न आज वारंवार ऐकू येतो, आणि एका कचेरीत रुजू होऊन त्याच कचेरीतून निवृत्त होण्यात ज्यांनी आयुष्याची कृतार्थता मानली, त्या वडीलधाऱ्यांना तो बहुधा नाजूक मनाचा चाळा वाटतो. परंतु प्रश्न खरा आहे, आणि उत्तराकडे वळण्यापूर्वी त्याचे मूळ पाहणे उपकारक ठरेल.

जुन्या गावगाड्यात हा प्रश्न कोणी विचारीत नसे, कारण विचारून काही उपयोग नव्हता. सुताराच्या मुलाच्या हाती वाकस यायचा, कुंभाराच्या मुलापुढे चाक यायचे, आणि सुगीला खळ्यावर बलुत्याचे धान्य मिळायचे. व्यवसाय जन्माबरोबर ठरलेला असल्यामुळे आवडनिवड हा विषयच उद्भवत नसे. त्या व्यवस्थेतही अरणच्या सावता माळ्यासारखा संत आपल्या मळ्यातच पंढरी पाहू शकला, ही त्याची थोरवी. पण ज्याला दुसरेच काही करावेसे वाटत होते, किंवा ज्याच्या वाट्याला गावाने अपमानाचे काम दिले होते, त्याला दार उघडे नव्हते, हेही विसरून चालणार नाही. ‘हे काम माझ्यासाठी आहे काय?’ असे विचारता येणे ही निवडीच्या स्वातंत्र्याची खूण होय. म्हणून हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कृतघ्न म्हणण्यापूर्वी आपण थोडे थांबले पाहिजे.

निवड आली तेव्हा निवडीचे शास्त्रही आले. अमेरिकेतील बॉस्टन शहरी फ्रँक पार्सन्स या गृहस्थांनी १९०८ साली तरुणांना व्यवसायासंबंधी सल्ला देणारी एक कचेरी उघडली, आणि त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तीन पायऱ्या सांगितलेल्या आहेत: प्रथम स्वतःला ओळखावे, मग निरनिराळ्या व्यवसायांची माहिती करून घ्यावी, आणि शेवटी दोहोंची विचारपूर्वक सांगड घालावी. सल्ला निर्दोष आहे. अडचण एवढीच की आपल्यापैकी बहुतेकांना आधी नोकरी लागते आणि स्वतःची ओळख नंतर होते. म्हणून या प्रकरणात आपण नोकरी लागल्यानंतरचा विचार करणार आहोत.

उदाहरणासाठी वाईकडील एका तरुणीची कल्पना करू. ती वाणिज्य शाखेची पदवीधर असून पुण्यातील एका करसल्लागाराच्या कचेरीत दीड वर्षापूर्वी लागली. व्यापाऱ्यांची खरेदीची बिले संगणकावर चढविणे, आणि दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जी यादी तयार होते तिच्याशी ती बिले एकेक करून जुळवणे, हे तिचे काम. २० तारखेपर्यंत विवरणपत्र भरावयाचे असल्याने मधले पाच-सहा दिवस कचेरीत रात्र होते. २१ तारखेला नवा गठ्ठा मेजावर येतो. जुळवलेल्या बिलांचे पुढे काय होते, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

२. गटार आणि स्वयंपाक

समाधान आणि असमाधान ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेले की दुसरे आपोआप वर येते, असे आपण गृहीत धरतो. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या समजुतीला धक्का दिला. पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांना त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी विचारले की, नोकरीत विशेष आनंद झाला असा प्रसंग सांगा, आणि विशेष खिन्नता आली असाही सांगा. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले ते असे की, आनंदाच्या हकिकतींत एखादे काम तडीस गेल्याचा, कोणी त्याची कदर केल्याचा, जबाबदारी मिळाल्याचा, किंवा काम स्वतःच मनोवेधक असल्याचा उल्लेख वारंवार येत होता. खिन्नतेच्या हकिकतींत मात्र कंपनीचे जाचक नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाच्या ठिकाणची गैरसोय अशा निराळ्याच गोष्टी होत्या. म्हणजे समाधान देणारी कारणे एक, आणि असमाधान देणारी दुसरी.

हे घरच्या दाखल्याने चटकन कळेल. घरामागचे गटार तुंबले तर ताटातली पंचपक्वान्नेही गोड लागत नाहीत. पण गटार स्वच्छ वाहते आहे म्हणून कोणाचे पोट भरत नाही, त्यासाठी चूल पेटवावी लागते. वेळेवर पगार, सभ्य वरिष्ठ, बसायला नीट जागा, रजेचे न्याय्य नियम हे नोकरीतले गटार होय: ते वाहते असलेच पाहिजे, आणि ते तुंबले असता ‘मनोवृत्ती बदला’ असा उपदेश करणे ही क्रूरता आहे. शिकायला मिळणे, काही पुरे केल्याचा प्रत्यय येणे, आपल्यावर कोणी विश्वास टाकणे हा नोकरीतला स्वयंपाक.

या सिद्धांतावर पुढे आक्षेपही आले. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे अशा हकिकतींवरून काढलेली विभागणी वाजवीपेक्षा अधिक रेखीव दिसते, हा त्यांतला मुख्य. आक्षेपात तथ्य आहे. तथापि पहिले निदान करण्यास ही विभागणी पुरेशी उपयोगी पडते. वहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत. डावीकडे जे सलते ते लिहावे, उजवीकडे जे मिळत नाही म्हणून रिते वाटते ते लिहावे. आपल्या तरुणीच्या डाव्या रकान्यात दोनच ओळी आल्या, उजवा रकाना मात्र भरून गेला. तिच्या घरामागे दुर्गंधी नव्हती. चूलच पेटलेली नव्हती.

३. पगाराचा हिशेब

आता पगाराकडे वळू. पगार गौण आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज नाही, ज्याला दरमहा घरी पैसे पाठवावे लागत नाहीत, त्यालाही क्वचितच पोहोचतो. अपुरा पगार माणसाला पोखरतो. परंतु गरजा भागल्यानंतर पगारवाढीचा आनंद फार काळ टिकत नाही, हेही खरे. वाढ मिळते त्या दिवशी पेढे वाटले जातात, दुसऱ्या महिन्यात ती रक्कम खर्चाच्या अंदाजात शिरते, आणि तिसऱ्या महिन्यापासून शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला किती मिळतात, तिकडे लक्ष जाऊ लागते. अंगवळणी पडणे हा मनाचा धर्म आहे. दुःख सोसावयास तो मदत करतो, सुख मात्र तोच फिके करतो.

दुसरी गोष्ट, पगाराचा आकडा आणि मिळकत ही एक नव्हेत. एक छोटे उदाहरण करून पाहू. पहिल्या नोकरीत दरमहा ४२,००० रुपये आहेत. काम ९ तासांचे, जाण्यायेण्यात ३ तास, आणि प्रवास व बाहेरचे खाणे यांत ५,००० रुपये जातात. दुसरीत ३६,००० रुपये आहेत; कामाचे तास तेच, पण प्रवास एका तासाचा आणि वरखर्च १,५०० रुपयांचा. महिन्याचे कामाचे दिवस २४ धरले, तर पहिली नोकरी २८८ तास घेऊन ३७,००० रुपये हाती ठेवते, म्हणजे तासाला सुमारे १२८ रुपये. दुसरी २४० तास घेऊन ३४,५०० रुपये ठेवते, म्हणजे तासाला सुमारे १४४ रुपये. पहिलीत महिन्याकाठी अडीच हजार अधिक उरतात, आणि त्यांच्यासाठी ४८ तास द्यावे लागतात. कोणाला त्या अडीच हजारांची निकड असेल, कोणाला त्या ४८ तासांत एखादी परीक्षा देता येईल. निवड ज्याची त्याने करावी, पण करण्यापूर्वी हिशेब मांडावा.

४. कामाच्या अंगची पाच लक्षणे

काही कामे मनाला धरून ठेवतात आणि काही सांडून टाकतात, याचे कारण काय? १९७० नंतरच्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अभ्यासकांनी कामाची पाच लक्षणे सांगितली. पहिले वैविध्य: कामात निरनिराळी कौशल्ये लागतात की एकच बोट चालवावे लागते. दुसरे सलगपणा: काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून जाते की त्याचा एक तुकडाच वाट्याला येतो. तिसरे महत्त्व: त्या कामाने कोणाच्या जीवनात काही फरक पडतो काय. चौथे मुखत्यारी: काम कसे व कोणत्या क्रमाने करावे हे ठरविण्याची मोकळीक. पाचवे प्रचिती: काम चांगले झाले की वाईट, हे आपल्याला कळते काय.

प्रत्येक लक्षणाला १ ते ७ पर्यंत गुण द्यावयाचे. पहिल्या तिन्हींची सरासरी काढून तिला मुखत्यारी आणि प्रचिती यांच्या गुणांनी गुणावयाचे, असे गणित त्यांनी मांडले. इथे बेरीज न घेता गुणाकार घेतला आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पहिली तीन लक्षणे एकमेकांची उणीव थोडीबहुत भरून काढतात. आमटीत कोथिंबीर कमी असली तर खोबरे सांभाळून नेते. शेवटची दोन मात्र मिठासारखी आहेत. ती नसतील तर इतर मसाला कितीही घातला तरी चव येत नाही.

आपल्या तरुणीने प्रामाणिकपणे गुण दिले: वैविध्य ३, सलगपणा २, महत्त्व ४, म्हणजे सरासरी ३, मुखत्यारी २, प्रचिती १. तीन गुणिले दोन गुणिले एक म्हणजे ६. आणि या गणितात जास्तीत जास्त गुण होतात ३४३. हा आकडा तापमापकातील पाऱ्यासारखा काटेकोर नव्हे, केवळ अंदाज आहे. पण दुखते कोठे, ते त्याने दाखविले. तिला सर्वांत जाचत होते ते असे की, जुळवलेल्या शेकडो बिलांपैकी एकाचेही पुढे काय झाले, हे तिच्या कानी येत नव्हते.

५. उमेदवारी

येथे एक जुना शब्द आठवतो. पूर्वी कचेऱ्यांतून ‘उमेदवार’ असत: नेमणूक होण्यापूर्वी दफ्तराचे काम शिकत, बहुधा बिनपगारी, कोठे जागा रिकामी होते याची वाट पाहणारे तरुण. फुकट राबवून घेण्याच्या त्या प्रथेचे समर्थन कोणी करू नये. पण त्या शब्दात उमेद आणि शिकण्याची मुदत या दोन गोष्टी एकत्र नांदतात, आणि ती जोडी आजच्या तरुणाच्या फार उपयोगाची आहे.

‘आपली खरी आवड शोधा, मग काम कष्टाचे वाटणार नाही’, असा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो. त्यात अर्धेच सत्य आहे. पेटी शिकणाऱ्याला पहिल्या सहा महिन्यांत सुरांचा आनंद क्वचितच मिळतो, कारण सारे लक्ष बोटांकडे असते. बोटे आपल्या जागा शोधू लागली, म्हणजे आपण ज्याला ‘हात बसणे’ म्हणतो ते घडले, की कान मोकळे होतात आणि गोडी उत्पन्न होते. कामाचेही बहुधा असेच आहे. आवड पुष्कळदा कौशल्याच्या मागून चालत येते. म्हणून हात बसण्यापूर्वीच ‘हे माझे क्षेत्र नव्हे’ असा निकाल देणे म्हणजे पुरावा तपासण्यापूर्वी फैसला सुनावणे होय.

मात्र मुदत आणि शिक्षण ही दोन्ही चालू असली पाहिजेत. दर तीन महिन्यांनी स्वतःला विचारावे: मागच्या तिमाहीत येत नव्हते असे काय आज मला येते? उत्तरादाखल दोन ठोस गोष्टी लिहिता आल्या, तर उमेदवारी चालू आहे. लागोपाठ तीन-चार तिमाह्या पान कोरे राहिले, तर तिथे केवळ हजेरी लागते आहे असे समजावे.

६. चाकोरीतील मोकळी जागा

एकाच हुद्द्यावरची सर्व माणसे एकच काम करतात काय? एमी रेझ्नेस्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कचेरीतील २४ साहाय्यकांचा एक गट होता. कामाकडे केवळ उपजीविका म्हणून पाहणारे, बढतीची शिडी म्हणून पाहणारे, आणि आपले जीवितकार्य म्हणून पाहणारे, असे साधारण सारखेच तीन भाग त्या एकाच हुद्द्याच्या माणसांत पडले. पुढे २००१ साली तिने आणि जेन डटन यांनी रुग्णालयातील सफाई कामगारांचे उदाहरण मांडले. काहीजण नेमून दिलेली फरशी पुसून निघून जात. काहीजण मात्र रुग्णांशी व त्यांच्या नातलगांशी दोन शब्द बोलत, परिचारिकांच्या कामाची वेळ पाहून आपल्या कामाचा क्रम लावीत, आणि रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे असे मानीत. त्यांनी नोकरी बदलली नव्हती. नोकरीच्या चौकटीत जी थोडी मोकळी जागा असते, ती त्यांनी वापरली होती.

आपल्या तरुणीने हेच केले. तिने प्रथम ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारले की, बिल जुळले नाही तर नेमके काय होते. उत्तर ऐकून ती चकित झाली. समजा, एका दुकानदाराने १,००,००० रुपयांचा माल घेतला आणि १८ टक्के दराने १८,००० रुपये कर पुरवठादाराला दिला. माल विकताना गिऱ्हाइकाकडून जमा झालेल्या करातून हे १८,००० वजा करून उरलेलाच कर त्याने सरकारात भरावयाचा असतो. परंतु पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखविलेच नाही, तर वजावट मिळत नाही, ‘क्रेडिट अडकते’, आणि तेवढी रक्कम दुकानदाराला तूर्त आपल्या खिशातून भरावी लागते. म्हणजे ती जे निर्जीव आकडे जुळवीत होती, त्यांच्या आड कोणाचे तरी खेळते भांडवल होते.

मग तिने वारंवार चुकणाऱ्या पुरवठादारांची एक यादी केली. १४ तारखेची वाट न पाहता महिन्याच्या आरंभीच त्यांना दूरध्वनी करण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागितली. तीन दुकानदारांचे काम पहिल्या बिलापासून विवरणपत्र भरेपर्यंत सलग आपल्याकडे द्यावे, अशी विनंती केली. आणि दर महिन्याला किती रुपयांचे क्रेडिट सुटले याची वहीत नोंद ठेवू लागली. सहा महिन्यांनी तिने पुन्हा गुण दिले: वैविध्य ४, सलगपणा ५, महत्त्व ६, सरासरी ५, मुखत्यारी ३, प्रचिती ४. पाच गुणिले तीन गुणिले चार म्हणजे ६०. कचेरी तीच, पगार तोच, आणि ६ चे ६० झाले. अशी विनंती प्रत्येक वरिष्ठ मान्य करीलच असे नाही. पण ‘मला कंटाळा येतो’ या तक्रारीपेक्षा ‘हे तीन दुकानदार माझ्याकडे द्या’ ही मागणी मान्य होण्याचा संभव पुष्कळच अधिक असतो.

७. सोडावी केव्हा?

हे सारे करूनही काही नोकऱ्या सोडाव्याच लागतात, आणि काही तर विनाविलंब. पगार थकविला जातो, अपमान हा रोजचा शिरस्ता आहे, किंवा खोटी बिले चढविण्याचा हुकूम होतो, तेथे उमेदवारीचा विचार करू नये. तेथे गटार नुसते तुंबलेले नसून घरात शिरलेले असते. इतर ठिकाणी मात्र सोडण्यालाही एक पद्धत आहे, आणि ती दोन थोरांच्या चरित्रांत स्पष्ट दिसते.

चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, सरकारच्या अर्थखात्यात साहाय्यक महालेखापाल म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. नोकरी मानाची होती. कचेरीच्या आधी आणि नंतरच्या वेळात ते बहुबाजारातील विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत काम करीत; मध्यंतरी रंगून आणि नागपूर येथे बदल्या झाल्या, तरी त्यांनी संशोधनाचा धागा सुटू दिला नाही. तब्बल दहा वर्षे हिशेब आणि भौतिकी ही दोन्ही चालवून, १९१७ साली कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा बराच कमी पगार पत्करून त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १९२८ चा रामन परिणामाचा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक ही पुढची हकिकत सर्वांस ठाऊक आहे. तिच्यामागची नोकरीतील ती दहा वर्षे मात्र आपण सहसा आठवीत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावी विकीत. बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. पण बेळगावात काय करायचे, याची चाचणी तोवर होऊन गेलेली होती. पुढे ते लोखंडी नांगर बनवू लागले, तेव्हा अशा नांगराने जमीन नासते या समजुतीशी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

दोघांनीही नोकरीतून पळ काढला नाही. पुढच्या वाटेवर काही पावले चालून पाहिली, आणि मग मागचे दार लावले. आपल्या प्रमाणावर हे कोणालाही करता येते: दुसऱ्या क्षेत्राचा एखादा छोटा अभ्यासक्रम, सुटीच्या दिवशीचे एखादे काम, त्या व्यवसायातील माणसाबरोबर घालविलेला एक संपूर्ण दिवस. राजीनामा देण्यापूर्वी नेमणूकपत्रातील नोटिशीची मुदत वाचावी. नवे नेमणूकपत्र लेखी हाती घ्यावे. अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. आणि भविष्यनिर्वाह निधी काढून न घेता जुन्या खात्यावरून नव्या खात्यावर वर्ग करावा.

८. लागणे आणि लावणे

आपल्या भाषेत नोकरी ‘लागते’, मन ‘लागते’, आणि रोपही ‘लागते’. रोप लागले की नाही हे पाहण्यासाठी माळी ते दर आठवड्याला उपटून पाहत नाही. तो पाणी देतो, आळे करतो, नवी पालवी दिसते का याची वाट पाहतो. मात्र जमीन चोपण निघाली, पाणी मुळाशी जिरतच नाही असे दिसले, तर तोच माळी रोप मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह उचलून दुसरीकडे लावतो. जमीन पारखणे आणि रोपाला वेळ देणे या दोन्ही गोष्टी त्याला याव्या लागतात. तरुण माणसालाही आपल्या नोकरीच्या बाबतीत याच दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत.

आपल्या तरुणीचे रोप आहे त्याच जमिनीत वाढेल, की काही वर्षांनी तिला ते हलवावे लागेल, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण येत्या २० तारखेला रात्री विवरणपत्रे भरून ती उठेल, तेव्हा किती दुकानदारांचे किती रुपये तिच्या हातून सुटले हे तिच्या वहीत लिहिलेले असेल. आणि कधी जागा बदललीच, तर ती वही आणि बसलेला हात ती बरोबर नेईल.